पाचवी फळी

फिरत्या वाचनालयाच्या गाडीत मी चौदा वर्षं ग्रंथपाल होतो. ती गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या घरी गेल्या आठवड्यात गेलो, तेव्हा वहिनी त्याला सदऱ्याची बाही चढवून देत होत्या. त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. मान वळवायची तर सगळं अंगच वळवावं लागतं.

"या साहेब. तुमच्याकडे बघायचं तर मला आता रिव्हर्स घ्यावा लागतो."

"तीन-तीन उशा घेऊन झोपा अजून!" वहिनी म्हणाल्या. "सांगून सांगून माझी जीभ झिजली, भाऊजी."

"हो बाई, चूक माझीच."

डॉक्टरांनी मात्र उशीचं नावही काढलं नव्हतं. तेव्हा मीच सोबत होतो. स्टिअरिंगला चिकटून, खांदे उचलून बसत होता का, असं त्यांनी विचारलं. तसं बसलं की गाडीचा हादरा हातांतून मानेपर्यंत जातो, म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, "सवयच तशी." मी गप्प राहिलो.

सवय नव्हती. पहिल्याच वर्षी तो रजेवर असताना, सीटमागे पुस्तकांची पाचवी फळी बसावी म्हणून मी त्याची सीट वीतभर पुढे घेऊन पक्की करवली होती. परतल्यावर तो "गाडी आखडली की मी फुगलो?" एवढंच म्हणाला. फळीवर मी इतिहासाचे बारा जाडजूड खंड लावले. त्यांतला एकही कधी कुणी वाचायला नेला नाही.

इतक्यात गाडी दारात लावून त्याची लेक आली. गेलं वर्षभर तीच ती गाडी चालवते. किल्ली ठेवून ती मान चोळू लागली.

"तुलाही उशीच बाधली का?" वहिनी म्हणाल्या.

मी चहाचा कप खाली ठेवला. मग अडखळत का होईना, मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी यांना उगाच बोलत राहिले," वहिनी हळूच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

ड्रायव्हर हसला नाही. "फळीचं राहू द्या, साहेब. डॉक्टरांसमोर का नाही बोललात?"



लेकीने किल्ली उचलली. "चला काका, आधी ते खंड उतरवा. सीट मी बघते."

ती पाना लावत होती आणि मी एकेक खंड उतरवत होतो. बाराव्याला माझाही खांदा भरून आला. त्या दुखण्याने बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटलं नाही. ड्रायव्हर गाडीच्या दारापाशी येऊन उभा होता. मला वाट द्यायला त्याने सगळं अंग वळवलं.