किरकोळ देणगीदार

पावतीबाईंनी लाल डोक्याची टाचणी टेकडीवर टोचायला घेतली आणि तिला जागाच सापडेना. भिंतीवरच्या शहराच्या नकाशात टेकडीचा भाग गोवर उठल्यासारखा लाल झाला होता. शेवटी त्यांनी दोन टाचण्या जरा बाजूला रेटल्या, तिसरी मध्ये घुसवली आणि मागे सरून पाहिलं.

"सिमेंटवाल्यांच्या वीस झाल्या ना?" कार्यवाहांनी टेबलावरून विचारलं.

"झाल्या. शेवटची शेजाऱ्यांच्या बागेत गेली."

पक्षाच्या या कचेरीत नियम साधा होता. देणगीच्या दर हजाराला एक टाचणी, देणाऱ्याच्या घरावर. हजाराच्या आतलं सगळं 'किरकोळ' या रकान्यात, एका बेरजेत, ना नाव ना पत्ता. बारा वर्षं हे काम एकच बाई करत होती आणि तिचं खरं नाव काय, हे पगारपत्रक बघितल्याशिवाय कार्यवाहांनाही सांगता आलं नसतं. पावतीबाई स्वतः राहायच्या नदीकाठच्या खालच्या वस्तीत. नकाशाचा तेवढा भाग मात्र कोरा करकरीत होता.

निवडणूक महिन्यावर आली होती. पक्षाच्या उमेदवार एक वकीलबाई होत्या आणि त्यांना वेळ होता पाच सभांपुरता. कार्यवाहांनी नकाशासमोर उभं राहून बोटांवर मोजलं.

"टेकडीवर दोन, तळ्याकाठी दोन, बाजारात एक. झालं."

"आणि खालच्या वस्तीत?"

"खाली काय आहे, बाई? नकाशा बघा की."

पावतीबाईंनी नकाशा बघितला. तो त्यांनीच तर भरला होता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

खाली काय आहे, हे त्या सांगू शकल्या असत्या. खाली दवाखाना होता. दोन खोल्यांचा, सरकारी, एक डॉक्टर आणि एक नर्स. पावतीबाईंच्या सासूबाईंच्या पायाला वर्षभर न भरणारी जखम होती. दर दिवसाआड त्या काठी टेकत आठ घरं ओलांडून जात, पट्टी बदलून घेत आणि परतताना प्रत्येक दारात थांबून बातम्या गोळा करत. आता तो दवाखाना टेकडीवर हलवायचं घाटत होतं. सिमेंटवाल्यांनी तिथे जागा देऊ केली होती, इमारतही बांधून देणार होते, आणि दोन्ही पक्षांनी माना डोलावल्या होत्या. टेकडीला दोनशेच्या वर पायऱ्या होत्या. सासूबाईंना घराचा उंबरासुद्धा हल्ली दोन दमांत ओलांडावा लागे. पट्टी चुकली की पाय चिघळणार आणि पाय चिघळला की तो राहणार नाही, हे नर्सने पावतीबाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या पावती पोचवायला सिमेंटवाल्यांच्या बंगल्यावर गेल्या. मोठ्या देणगीची पावती हातात द्यायची अशी रीत होती. व्हरांड्यातल्या बाकावर नेहमीप्रमाणे पोस्टमनकाका आधीच बसले होते. काका पोस्टातून निवृत्त झालेले, आणि आता समोरच्या पक्षाच्या पावत्या पोचवणारे. सभांमधून दोन्ही पक्ष एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे. त्यांचे पावतीवाले मात्र गेली नऊ वर्षं या एकाच बाकावर शेजारी बसून बोलावण्याची वाट बघत आले होते.

"किती?" काकांनी विचारलं.

"वीस हजार. तुमचे?"

"वीसच. चेकचे नंबरही लागोपाठचे असतील. कोणाला कमी-जास्त नको, माणूस न्यायी आहे."

पावतीबाईंना हसू आलं आणि लगेच विरलं.

"काका, तुमचे लोक खालच्या वस्तीत सभा घेणार आहेत का हो?"

"आमचे? आमच्याकडे वही आहे, रस्त्यावार. तुमच्या वस्तीचं पानच उघडत नाहीत. सगळं 'किरकोळ'मध्ये."

"तुमच्याकडेही किरकोळच म्हणतात?"

"दुसरं काय म्हणणार?"

बारा वर्षांत किती दहा-वीसच्या नोटा आपण त्या रकान्यात ढकलल्या, याचा बाईंना पहिल्यांदाच हिशेब करावासा वाटला आणि धीर झाला नाही. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"काका, पावतीपुस्तकावर कमीत कमी रक्कम छापलेली असते का?"

काकांनी आपलं पुस्तक उघडून उजेडात धरलं. उलटसुलट करून पाहिलं.

"नाही बुवा," ते म्हणाले, आणि बाईंच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं तसे चष्म्यावरून बघायला लागले. "ताई, दहाची पावती फाडणार?"

"नाव आणि पत्त्यासकट."

"बोटं मोडून येतील."

"तुमची की माझी?"

"दोघांची," काका म्हणाले. "मी नदीच्या बाजूने सुरू करतो."

घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी उशीखालून दहाच्या दोन नोटा काढल्या.

"एक तुझ्या पक्षाला, एक त्या पोस्टमनच्या."

"आई, दोघांना कशाला?"

"सिमेंटवाला दोघांना देतो ते चालतं. मी दिलं की माझी अक्कल निघते होय गं?"

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वस्तीभर झाली, कारण तो दिवस पट्टीचा होता आणि सासूबाई नेहमीसारख्या आठही दारांत थांबल्या. पावतीबाई कचेरीत जायच्या आधी दोन तास आणि आल्यावर दोन तास घरोघर फिरल्या. न्हाव्याने पंधरा दिले. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने वीस दिले आणि पावतीवर नाव ठळक काढायला लावलं. एका म्हाताऱ्याने, "या पक्षाने आमचं काय भलं केलंय?" म्हणून अर्धा तास तोंडसुख घेतलं, मग पाच दिले आणि पावती घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. काही जण दारातूनच परत पाठवत. बाई पुढचं दार ठोठावत. पलीकडच्या बोळात काका दिसले की दोघं लांबूनच बोटांनी आकडे दाखवायची.

दहा दिवसांनी बाईंनी सहा पावतीपुस्तकं कार्यवाहांच्या टेबलावर ठेवली.

कार्यवाहांनी बेरीज पाहिली. "चार हजार सत्तर. म्हणजे चार टाचण्या. बाई, एवढ्यासाठी सहा पुस्तकं खर्ची घातलीत? छपाईचा तरी विचार करायचा."

"पावत्या तीनशे अठरा आहेत, साहेब. म्हणजे तेवढी माणसं."

"बरं मग?"

"टेकडीच्या सव्वीस आहेत."

कार्यवाहांनी बेरजेवरचं बोट उचललं आणि पावत्यांच्या नंबरांवर ठेवलं. हिशेबात ते कच्चे नव्हते, फक्त आजवर त्यांना हा हिशेब कोणी घातला नव्हता.

"समोरच्या पक्षाकडे खालच्या तीनशे चाळीस आहेत," बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांचे कान तापले. कचेरीतली गोष्ट त्यांनी आजवर बाहेर नेली नव्हती आणि बाहेरची आत आणली नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांचे पावतीवाले आणि मी एकाच बाकावर बसतो. आपला आकडा ते आत्ता त्यांच्या कचेरीत सांगत असतील."

कार्यवाह उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि फोन उचलला. "तळ्याकाठची एक सभा रद्द करा," ते फोनवर म्हणाले. "ती खालच्या वस्तीत घ्या. नाही, रविवारी सकाळीच. समोरच्यांच्या आधी व्हायला हवी."

बाईंनी डब्यातून चार टाचण्या घेतल्या आणि नकाशाच्या कोऱ्या भागात टोचल्या. त्यातली एक त्यांनी दवाखान्यावर टोचली. नियमात बसत नव्हतं, पण कोण बघतंय!

रविवारी दवाखान्याच्या अंगणात ही गर्दी झाली. खुर्च्या न्हाव्याच्या दुकानातून आल्या, शाळेतून आल्या. सासूबाई पहिल्या रांगेत पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या आणि जागा आपण दिल्यासारखं येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला सांगत होत्या. ड्रायव्हरने शिस्तीचा ताबा घेतला होता.

"ज्यांना बोलायचंय त्यांनी पावती हातात धरा," तो ओरडत होता. "पावतीवाले पुढे. बाकीचे मागे थांबा, गर्दी करू नका."

लोकांनी पावत्या वर धरल्या. आपल्या अक्षरातले ते तीनशे कागद हलताना बघून बाईंना भरून आलं. वकीलबाई आल्या, बोलल्या, चांगलं बोलल्या. पावतीवाल्यांनी एकेक करून गाऱ्हाणी सांगितली. सासूबाईंनी पायाची पट्टीच दाखवली. वकीलबाई वाकून पाहत म्हणाल्या, "दवाखान्याचं मी नक्की बघते." टाळ्या पडल्या. कार्यवाहांनी घड्याळ पाहिलं.

तेव्हा पावतीबाईंचं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. तिथे दहा-पंधरा जण उभे होते. हात रिकामे. त्यांच्यात इस्त्रीवाली होती. तिच्या दारात बाई गेल्या होत्या. "आज नाही हो जमायचं," ती म्हणाली होती, आणि अजून चाळीस घरं राहिली होती म्हणून बाई "राहू दे" म्हणून पुढे गेल्या होत्या. आता ती दोनदा हात अर्धा वर करून खाली घेताना दिसली.

या अंगणात लाल टाचण्या तेवढ्या नव्हत्या, बाकी नकाशा तोच होता, आणि तोही बाईंनीच भरला होता.

त्या गर्दीतून मागे गेल्या आणि इस्त्रीवालीचा हात धरला.

"चल पुढे."

"पावती नाहीये माझ्याकडे."

"लागत नाही."

ड्रायव्हर आडवा आला. "बाई, रांग आहे."

"रांग माझ्यामुळे झालीय. मोडतेही मीच," बाई म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की सासूबाईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. "मागचे सगळे पुढे या. ज्याला बोलायचंय तो बोलेल."

ड्रायव्हर पुटपुटत बाजूला झाला. इस्त्रीवाली पहिल्या रांगेपर्यंत आली, पदराला हात पुसले. आवाज कापत होता, पण शब्द नाही.

"बघते म्हणजे काय करणार?"

वकीलबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे... हा दवाखाना इथून हलू देणार नाही."

"हे टेकडीवरच्या सभेतही सांगाल?"

वकीलबाईंनी कार्यवाहांकडे पाहिलं. कार्यवाह आपल्या बुटांकडे बघत होते. वकीलबाईंनी हातातला भाषणाचा कागद दोनदा दुमडला, मग पर्समध्ये टाकला.

"सांगेन," त्या म्हणाल्या. "सिमेंटवाल्यांसमोर सांगेन. बुधवारी संध्याकाळी पाचला आहे सभा."

"बुधवारी इस्त्रीचे कपडे पोचवायला मी तिकडेच असते," इस्त्रीवाली म्हणाली. "ऐकायला येते."