बिघडलेली शिट्टी

मी एक शिट्टी बोलतेय. पितळेची, पोटात इवलीशी गोळी असलेली. जन्मभर लोकांच्या कानठळ्या बसवल्या, पण आज हळू आवाजातच बोलते, कारण मला लाज वाटते.

कारखान्यात घासूनपुसून चकचकीत झाले आणि एका शाळेतल्या कवायतीच्या सरांच्या गळ्यात पडले, ती कायमचीच. सर गाल फुगवायचे आणि माझ्या एका हाकेसरशी अख्खं मैदान जागच्या जागी थांबायचं. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

मग कुंपणापलीकडे खडी फोडायचं मशीन बसलं. बाकांवर पांढरी धूळ, डब्यांच्या झाकणांवर धूळ, मुलांच्या भुवयांवर धूळ. मुलं एकमेकांना "काय आजोबा, बरं आहे ना?" म्हणून चिडवायची. माणसाचं मला मोठं नवल वाटतं. नाकातोंडात जाणाऱ्या गोष्टीचीही तो आधी थट्टा करतो आणि मग तिला चक्क विसरून जातो.

सर तर दिवसभर मैदानातच. हळूहळू माझा आवाज बसला. फुंकलं की नुसतं फुस्स. त्यांनी मला झटकलं, आपटलं, कोमट पाण्यात बुचकळलं. "बिघडलीय मेली!" मुलं खो खो हसली आणि मी शरमेने काळीठिक्कर पडले. दुसरी शिट्टी आणली, तीही फुसकी निघाली. "हल्ली मालच तसला येतो," म्हणत सरांनी पुन्हा मलाच गळ्यात घातलं. घरी जिना चढताना मात्र ते मध्येच चप्पल नीट करायला थांबायचे. चप्पल नीटच असायची.

मैदानात एक मुलगी होती. इतकी पळायची की सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. एकदा ती छातीवर हात धरून मध्येच थांबली.

"सर, श्वास पुरत नाहीये."

"नाटकं नकोत. अजून एक फेरी!" सरांनी मला तोंडाला लावलं. मी फुस्स केलं, तरी ती पळाली. वळणावर कोसळली.

बऱ्याच दिवसांनी ती शाळेत आली, ती खिशात श्वासाचा पंप घेऊन. धुळीने दमा जडलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पळायला बंदी. सरांनी तिला पायरीवर बसवलं आणि कसंनुसं हसत मला तिच्या हातात दिलं. "ही धर. बिघडलीय, पण खेळ तिच्याशी."

तिने सहज फुंकलं आणि मी खणखणीत वाजले! अख्खं मैदान थांबलं.

"सर, चांगली आहे की ही!"

सरांचा उतरलेला चेहरा पाहिला आणि वाटलं, वाजले नसते तर बरं झालं असतं. ते तिच्या शेजारी टेकले. धाप ओसरल्यावर म्हणाले, "शिट्टी चांगलीच होती गं. दम माझा गेलाय. मला कळत होतं, तरी तुला नाटकं म्हणालो." मान काही त्यांनी वर केली नाही.

त्या दिवसापासून मैदानावरचे खेळ बंद आहेत. मशीन हलवा म्हणून सर पालकांना घेऊन हिंडतात, बोलता बोलता खोकतात. मशीन अजून चालूच आहे. मी खिळ्याला टांगलेली असते आणि माझ्यावरही धूळ बसते.

तुमच्या घरात कुणी म्हणालं, श्वास पुरत नाही, तर बाबांनो, आधी थांबा आणि ऐका. माझ्याच्याने ते झालं नाही. थांबवायची ताकद माझ्यात होती, पण भिंगरी कोसळली त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं शेवटचं फुस्ससुद्धा 'पळ' असंच होतं. आणि त्या लेकराने ते ऐकलं.