दोन वाजताचे चित्र

माझे साडू मला पाण्यात पाहतात, याला बारा वर्षांचा पुरावा आहे. ते रस्ते खात्यात अभियंता. मी उपग्रहाच्या चित्रांवरून धूर आणि धुळीचा माग काढणाऱ्या कक्षात. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढाच आमचा संबंध.

मंगळवारी धुळीचा लोट बायपासवर आला आणि दोन एकोणतीसला अकरा वाहने एकमेकांवर आदळली. टँकरचा क्लीनर जागीच गेला. माझा इशारा निघाला दोन एकतीसला. ठपका आला तर माझी नोकरी जाणार होती, आणि चौकशीत रस्ते खात्याची बाजू मांडायला साडूंनी स्वतःहून नाव दिले होते.

"धूळ दोन दहाच्या चित्रात दिसतेय," ते चौकशीच्या अध्यक्षबाईंना म्हणाले. "इशारा एकवीस मिनिटांनी. तोवर आमचे साडूभाऊ काय करत होते? चहा घेत होते?"

"चहा मी चारला घेतो," मी म्हणालो. "दोन दहाला चित्र सुरू होतं. उपग्रह पृथ्वी दक्षिणेकडून उत्तरेकडे पट्ट्यापट्ट्यानं टिपतो. आपल्या पट्ट्यावर यायला त्याला आठ मिनिटं लागतात. जुळवलेलं चित्र माझ्या पडद्यावर येतं दोन सत्तावीसला. पुढच्या चार मिनिटांत मी इशारा दिला. इशाऱ्यानंतर रस्ता बंद करणारी तुमची फाटकं पडायलाच पाच लागतात."

बाईंनी आकडे कागदावर मांडून पाहिले. "जुळतंय."

साडूंचा चेहरा पडला नाही. निरीक्षण हा माझा व्यवसाय असूनही मी त्याची दखल घेतली नाही.

"छान समजावलंत," ते म्हणाले. "आता हेच गणित दोन वाजताच्या चित्राला लावा."

"आपला पट्टा दोन आठला. पडद्यावर दोन सतराला."

"म्हणजे टकरीच्या बारा मिनिटं आधी. इशाऱ्याची चार आणि फाटकांची पाच धरूनही तीन मिनिटं उरत होती." त्यांनी माझ्याच नोंदवहीची प्रत पुढे सरकवली. "रस्त्याच्या पश्चिमेला तपकिरी रेघ. तुम्ही लिहिलंय, 'डोंगरातल्या वणव्याचा धूर.' उंचावरच्या धुरासाठी रस्ता बंद करत नाहीत, मान्य. पण सासऱ्यांच्या घरी जेवताना मी एकदा धुळीला धूर म्हणालो होतो. आठवतं?"

आठवत होते. सगळी पंगत हसली होती. हसवली मीच होती.

"तेव्हा मला काय शिकवलंत, ते बाईंना सांगा."

"उष्णतेचं चित्र उघडायचं. जमिनीची उष्णता धुरातून आरपार येते, धूळ ती अडवते. थंड डाग दिसला तर धूळ."

"आणि पुढं?"

"एवढं शेंबड्या पोरालाही कळतं."

"दोन वाजताच्या चित्रात डाग होता?"

"आहे. आज सकाळी पाहिला."

"आणि मंगळवारी?"

पुराव्याशिवाय मी कोणाला काही मानू देत नाही. पण तीन दिवस डोंगर जळत होता, तीन दिवस प्रत्येक तपकिरी रेघ धूरच निघाली होती, आणि चौथ्या दिवशी मी तपासणे सोडले होते. तपासायला एक कळ दाबावी लागते.

"उघडलं नव्हतं."

नोंदी घेणाऱ्या कारकुनाने मान वर केली. "कसं लिहू, साहेब?"

"चित्र उपलब्ध होते, उघडले नाही, असे लिहा. आज सकाळी उघडले, आणि विचारेपर्यंत सांगितले नाही, हेही लिहा," मी म्हणालो.

अध्यक्षबाईंनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बोट केले. मी ते काढून टेबलावर ठेवले.

साडू कागद गोळा करत होते. "नाकानं कांदे सोलणं आता पुरे," ते हळू आवाजात म्हणाले. "रविवारी सासऱ्यांकडे जेवायला या. तुमचं पान मी वाढतो."