लिडियाबाईंचं पाणगवत

लिडियाबाई नगरच्या मुलींच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवायच्या. गावाबाहेरच्या तळ्यात फितीसारख्या लांब पातीचं एक पाणगवत होतं. त्याची कळी पाण्याखाली धरायची आणि देठाची वेटोळी उलगडत वर येऊन पाण्यावर टेकायची. बाई लहान असताना वडिलांनी, योसेफ मास्तरांनी, ते दाखवलं होतं. दुसऱ्या कुठल्याच पाण्यात ते बाईंना पुन्हा दिसलं नाही.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात तळ्यावर धुणं धुणारी चांगुणा शाळेत आली.

“बाई, तळ्यात मुरूम टाकाय लागल्यात. लष्कराच्या गाड्या हुब्या करायच्यात म्हनं. चार दिसांत बुजंल.”

बाई अर्ज घेऊन कचेरीत गेल्या. “लढाई चालू आहे, बाई,” एवढं म्हणून कारकुनानं अर्ज परत केला.

मग त्यांनी पत्र्याचं काम करणाऱ्या नबीलालकडून जुन्या खिडकीच्या काचा जोडून पाणगवत लावायला पेटी करून घेतली. तळ कसा करायचा हे मास्तरांनी शिकवलं होतं. माती भिजवायची, वर तरंगलेला कचरा ओतून द्यायचा, उन्हात वाळवायची, असं तीनदा. मग चाळून दोन बोटं थर, त्यावर धुतलेली वाळू. पण त्याला पंधरा दिवस हवेत, आणि तळ्याचे उरले होते दोन. बाईंनी बागेतली शेणखताची माती तशीच पसरली, वर वाळू ओतली आणि चांगुणानं कमरेएवढ्या पाण्यात उतरून उपटून आणलेल्या जुड्या रोवल्या.

आठवडाभर पाती ताठ होत्या. मग वाळूतून बुडबुडे सुटू लागले. पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला. बाईंनी एक जुडी उचलली, तर मुळं काळी होऊन हातातच गळाली.

नबीलाल बघायला आला. “पेटी तर गळत न्हाई, बाई.”

“पेटीचा दोष नाही, नबीलालभाई. माती कच्ची होती. मी घाई केली.”

जुड्या नुसत्या बादलीभर पाण्यात ठेवल्या असत्या तरी पंधरा दिवस निघाले असते. हे बाईंना आत्ता सुचलं.

तळ्याकडे गेल्या, तर तिथं सपाट मैदान आणि रांगेनं मोटारी. पहारेकऱ्यानं लांबूनच हटकलं. त्यांनी दोन रविवार विहिरी, ओढे, डबकी पालथी घातली. कुठं काही नाही.

पेटीतल्या एका कोंबाचं मूळ अजून पांढरं होतं. तो त्यांनी बादलीत ठेवला आणि नवी माती भिजत घातली. पण कुजक्या मातीत राहून तो आधीच खचला होता; नवव्या दिवशी देठाशी मऊ पडला. माती तेव्हा दुसऱ्यांदा वाळत होती. बाईंनी ती तिसऱ्यांदाही भिजवली, वाळवली, चाळली, थर दिला, वाळू घातली, बशीवरून हळूहळू पाणी सोडलं. पाणी जराही गढुळलं नाही.

“झ्याक जमलं की, बाई,” नबीलाल म्हणाला. “आता ह्यात काय लावनार?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या.