वहिनीला म्हटलेलं 'छान'

भिंगरीची उद्या पाठपरीक्षा. परीक्षक मागच्या बाकावर बसणार, ही पोरांना अपूर्णांक शिकवणार आणि नीट पार पडलं की आमची पोर मास्तरीण होणार. म्हणून आज दुपारी तिने सगळ्या घराला स्वयंपाकघरात ओळीने बसवलं. मी तिची आत्या, वयाने सगळ्यांत मोठी, पण हात वर केल्याशिवाय तोंड उघडायची मला सोय नव्हती.

पुढे पिठाच्या डब्यावर तिचा दादा, त्याच्या शेजारी त्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई. तिचा रंग आमच्याहून काळा, तिची माणसं दूरदेशाहून मजुरीला आलेली, आणि ती स्वतः धुलाई कारखान्यात इस्त्री करते. लग्नाच्या वेळी माझ्या भावाने आकाशपाताळ एक केलं होतं. तेव्हा बापाशी कडाकडा भांडून हे लग्न लावून दिलं ते भिंगरीनेच. उगाच नाही ती माझी लाडकी.

"एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" कपाटाच्या दारावर खडूने लिहीत तिने विचारलं.

"चतुर्थांश," दादा म्हणाला. "तिनापेक्षा चार मोठे."

"असं का? मग ही कागदाची पट्टी दुमड आणि सिद्ध करून दाखव."

बिचाऱ्याला घाम फुटला. दुमडून दुमडून शेवटी म्हणाला, "अरेच्चा, उलटंच की!"

मग तिने सूनबाईला विचारलं, तेही एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याशी बोलावं तसं. "दोन तृतीयांश मोठे की तीन चतुर्थांश?"

"सारखेच," सूनबाई म्हणाली. "दोन्हींत एकेकच तुकडा कमी आहे."

"छान! छान प्रयत्न केलास, वहिनी. बस हं."

आणि गाडी पुढे गेली. पाठ संपला तेव्हा मी हात वर केला.

"बाई, दादा चुकला तर त्याचा घाम काढलात. ही चुकली तर छान?"

"आत्या, तिला वाईट वाटू नये म्हणून गं. मला वाटलं, तिला एवढं..." भिंगरी अडखळली.

"एवढं काय?"

"झेपणार नाही." म्हणाली आणि तिचा चेहरा खाडकन उतरला. "पण मी तशी नाही, आत्या! या लग्नासाठी मी बाबांशी भांडले!"

"तू तशी नाहीसच," सूनबाई हळूच म्हणाली. "माझ्या शाळेतल्या बाईही तशा नव्हत्या. फार जीव लावायच्या. वर्षभर मला छान छान म्हणाल्या. मला काहीच येत नाही, हे नापास झाल्यावर कळलं." मग तिने विचारलं, "उद्या तुझ्या वर्गात आमच्या वस्तीतली पोरं असतील ना?"

"निम्मी," भिंगरी म्हणाली. ती तशीच फरशीवर बसली आणि रडायला लागली. मला तिला जवळ घ्यावंसं फार वाटलं. पण म्हटलं, रडू दे, हे रडणं वाया जाणारं नाही.

थोड्या वेळाने तिने माझ्याच बाहीला नाक पुसलं आणि उठली.

"वहिनी, उभी राहा. दोन तृतीयांश की तीन चतुर्थांश?"

"सारखेच."

"चूक." शब्द स्पष्ट आला. "साफ चूक. या घे दोन पट्ट्या. दाखव मला."

सूनबाईने पट्ट्या दुमडल्या, शेजारी शेजारी धरल्या, कपाळाला आठी घालून बघत राहिली. वेळ जात होता. माझा भाऊ चहासाठी चुळबुळ करायला लागला. दादाला राहवेना, तो तिच्या कानाशी वाकला.

"ए, तू गप्प बस!" भिंगरी त्याच्यावर कडाडली. "तिचं तिला येईल."

सूनबाईने मान वर करून नणंदेकडे पाहिलं. लग्नासाठी बापाशी भांडणाऱ्या भिंगरीकडेही तिने असं पाहिलं नव्हतं. मग ती पुन्हा पट्ट्यांवर वाकली आणि आम्ही सगळे चहावाचून बसून राहिलो.