दात निघतात तो आबा

आमची नात भिंगरी दोन वर्षांची आहे आणि जगाची वर्गवारी तिने एकटीने हाती घेतली आहे. चार पाय असले की भूभू. त्यात टेबलही आलं. गोल दिसलं की चेंडू. त्यात कांदा आला, शेजारच्या काकांचं डोकंही आलं. आणि आबा म्हणजे ज्याचे दात निघतात तो. जेवण झालं की मी कवळी काढून नळाखाली धुतो, तेव्हा ती स्टुलावर उभी राहून पाहत असते. निष्कर्ष रास्तच होता.

पंचाईत झाली ती सूनबाईचे वडील राहायला आले तेव्हा. व्याही दातांचे डॉक्टर. माझी कवळी त्यांच्याच हातची. स्वतःचे दात मात्र सगळे अस्सल, हे त्यांनी लग्नाच्या बोलणीतही ऐकवलं होतं. येताना नातीसाठी रबरी हत्ती आणला. तिने आपल्याला आबा म्हणावं, एवढीच इच्छा.

भिंगरीने हत्ती ठेवून घेतला. मग त्यांच्या मांडीवर चढून पुढचे दात धरले आणि ओढले. निघेनात.

"काका," तिने निकाल दिला आणि खाली उतरली.

आईचे बाबा ते आबा, असं सूनबाईने परोपरीने समजावलं. भिंगरीला त्यात काही अर्थ दिसला नाही. मी मध्ये पडलो नाही; खुर्ची एकच असली की बसलेला माणूस उठत नसतो. डॉक्टरांनी मग नमुन्याची कवळी मुठीत लपवून तोंडातून काढल्याचं नाटक केलं. भिंगरीने जबडा उघडून आत पाहिलं. माल जागेवरच होता.

निघायच्या दिवशी बॅग दाराशी ठेवून डॉक्टर स्वयंपाकघरात आले. मी कवळी धूत होतो, भिंगरी स्टुलावर. त्यांनी तोंडात बोट घातलं आणि मागची एक दाढ काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"व्याहीबुवा, हसायचं तर आत्ताच हसून घ्या. फक्त हिच्या आजीला, म्हणजे माझ्या बायकोला, कळू देऊ नका."

मी हसणार कसा? माझे दात नळाखाली होते.

भिंगरीने दाढ निरखली, माझी कवळी निरखली, बराच विचार केला आणि त्यांच्या गळ्यात पडली.

"छोटे आबा."

वयाने ते माझ्याहून मोठे, उंचीने वीतभर जास्त. पण हुज्जत न घालता ते तसेच हसत गाडीत बसले.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. यांची दाढ म्हणे तुमच्याकडे राहिली. राहिली खरी, भिंगरीने ती माझ्या कवळीच्या वाटीत ठेवली आहे, आणि कुणाला हात लावू देत नाही.