आडवे शब्द तिचे

बायकोला आत नेऊन ऑपरेशन थिएटरचं दार बंद होऊन दोन तास झाले, तरी घड्याळजींचा पाय एका जागी ठरेना. जन्मभर लोकांची घड्याळं चालती केली, आणि आज भिंतीवरचं हे मेलं पुढे सरकेल तर शपथ! शेवटी त्यांनी पेपरातलं शब्दकोडं काढलं. घरचा नियम पक्का होता: उभे शब्द त्यांचे, आडवे बायकोचे, आणि उत्तर का आलं ते एकमेकांना समजावायचं.

उभे संपले, पण हात स्वस्थ बसेना. आडवा पहिला होता, ‘सरकारात लपलेली गाडी’.

“सरकारची शेवटची दोन अक्षरं. कार!” त्यांनी शेजारच्या बाईंना समजावलं. मग एकेक करत आडवे सगळेच भरले, आणि त्यांची पेन्सिल थांबली. ती येणारच नाही असं आपण धरून चाललो की काय?

त्यांनी खोडरबर घेऊन आडवे शब्द खसाखसा पुसले. त्यात उभेही अर्धे गेले. जाईनात का!

तेवढ्यात दार उघडून नर्स म्हणाली, “शुद्धीवर आल्या. पहिलंच विचारलं, आडवा पहिला काय आहे?”

“सांगा तिला,” घड्याळजी मांडीवरचा रबराचा चुरा झटकत म्हणाले, “मी वाचलासुद्धा नाही.”